जावईबापूंचा अर्धा हंगाम

१६ मार्च, सोमवार

मोटारसायकल हॉलमध्ये आली! जिन्यावरून, तिसऱ्या मजल्यापर्यंत. जावई मागून ढकलत होते, त्यांचा मेकॅनिक पुढून ओढत होता आणि मी वरून "भिंत! भिंत!" ओरडत होते. भिंतीला ओरखडा पडलाच.

साथीमुळे सगळंच बंद व्हायला लागलं आहे. त्यांचं गॅरेज आजपासून बंद, पुढची शर्यतही पुढे ढकलली. कधीपर्यंत? "पुढची सूचना येईपर्यंत." म्हणजे कुणालाच माहीत नाही.

लेक हॉस्पिटलात नर्स आहे. तिला आता तिथल्याच वसतिगृहात राहायचं आहे. जाताना नवऱ्याला माझ्या स्वाधीन करून गेली. "आई, यांना एकटं ठेवू नको, हे नुसते बिस्किटांवर राहतील." जावई म्हणाले, मग गाडीही येईल, ती गॅरेजमध्ये एकटी नको. माझे यजमान गेल्यापासून मी एकटी राहते आहे. गाडीला ते जमणार नाही!

आणि गाडी तरी कसली? आरसा नाही, दिवा नाही, हॉर्न नाही.

१७ मार्च, मंगळवार

"जामाता दशमो ग्रहः" — कॉलेजात संस्कृतच्या सरांनी शिकवलं होतं. जावई हा दहावा ग्रह. बाकीचे नऊ निदान फिरत तरी असतात. आमचा सोफ्यावर बसला आहे.

२२ मार्च, रविवार

चहाच्या वेळी वचनाचा विषय निघाला.

जावई शर्यतीच्या गाड्या चालवतात. तोच त्यांचा धंदा. धंदा कसला — दर हंगामाला एक हाड मोडायचं आणि ते जुळेपर्यंत पुढच्या हंगामाचं बोलायचं. नवीन वर्षाला मी आणि लेकीने त्यांच्याकडून वचन घेतलं. यंदा अजिंक्यपद मिळालं तर पुढे चालू. नाही मिळालं तर गाडी विकायची आणि माझ्या मावसभावाच्या शोरूममध्ये सर्व्हिस मॅनेजर व्हायचं. खुर्ची, पंखा, रविवारची सुट्टी. माणसाला आणखी काय लागतं?

पण हंगामातली पहिलीच शर्यत ते जिंकून बसले! मी अभिनंदन केलं. लेक म्हणाली, "आई, तोंड बघ आरशात. एरंडेल प्यायल्यासारखं झालंय."

आज मी विचारलं, "हंगामच झाला नाही, तर वचनाचं काय?"

"मग वचन आपोआप पुढच्या वर्षावर जातं, आई."

"वा! परीक्षा रद्द झाली की नापासाचा प्रश्नच नाही!"

"तसं नाही. पण अजून कुणी हरवलं नाहीये ना मला?"

वकील व्हायला हवे होते. वकिलाचं हाड मोडत नाही.

५ एप्रिल, रविवार

रोज सकाळी हेल्मेट घालून हॉलमधल्या गाडीवर आडवे होतात. डोळे मिटलेले. डावीकडे झुकतात, उजवीकडे झुकतात, तोंडाने घूंऽऽ घूंऽऽ. मनातल्या मनात ट्रॅकच्या फेऱ्या मारतात म्हणे, नाहीतर सवय जाते. मी चहाचं विचारलं तर हात वर केला — "आई, वळणात आहे!"

वळण संपल्यावर दोन कप प्यायले.

६ एप्रिल, सोमवार

हँडलवर टॉवेल वाळत घातले. फार सोयीचं आहे.

१९ एप्रिल, रविवार

संघटनेने कॉम्प्युटरवरची शर्यत ठेवली होती. स्पर्धक खरे, ट्रॅक खोटा. सगळे आपापल्या घरी खुर्चीत. जावयांचा कट्टर प्रतिस्पर्धीही होता. त्याला सगळे बिनब्रेक म्हणतात. ब्रेक ही वस्तू त्याला फुकट दिली तरी नको असते म्हणे.

बिनब्रेक पहिल्याच वळणावर बाहेर गेला. जावई खूष! त्या आनंदात दुसऱ्या वळणावर सवयीने इतके झुकले की खुर्चीसकट खाली. कोपर टम्म सुजलं. यंदाच्या हंगामातला पहिला अपघात — माझ्या हॉलमध्ये!

लेकीला फोन केला. "आणू का तिकडे?"

"आई, इथे खाट नाही एकही. बर्फ लाव. आणि हसू नको त्यांना."

आवाज फार थकलेला होता. मग तीच हसायला लागली, ती थांबेचना. कोपराचं सार्थक झालं.

३ मे, रविवार

मी वजनमाप खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. घरात वजनाचा एक काटा आहे आणि तो खोटं बोलत नाही. आज जावयांना त्यावर उभं केलं.

खाली बघून म्हणाले, "आई, काटा बिघडलाय."

हे वाक्य मी बाजारात इतक्या वेळा ऐकलं आहे की हसूसुद्धा येत नाही.

७ मे, गुरुवार

शर्यतीचा चामड्याचा पोशाख असतो, गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड. आज तो काढला. साप कात टाकतो, हे कात घालत होते. मी मागून ओढलं, त्यांनी पुढून श्वास रोखला. चेन पोटाशी येऊन थांबली ती थांबलीच.

लेकीला कळलं. (कुणी सांगितलं? घरात तिसरं कोण आहे? चहाडखोर!) फोनवर मला म्हणाली, "आई, तू त्यांना मुद्दाम खाऊ घालतेयस."

"पाहुण्याला उपाशी ठेवू?"

"दोन वेळा भात, वर खीर. हरावेत म्हणून."

असलं काही माझ्या मनातही नव्हतं. खिरीच्या बाबतीत थोडं होतं.

८ मे, शुक्रवार

विचार करून ठरवलं. ते हरले तर मला आनंदच आहे. पण सासूच्या खिरीमुळे हरले असं कुणी म्हणायला नको. हरायचं तर स्वतःच्या कर्तबगारीवर हरा.

उद्यापासून जिना. तळमजला ते गच्ची, सकाळ-संध्याकाळ. खीर बंद.

२५ मे, सोमवार

जिना चालू आहे. मी वर खुर्ची टाकून बसते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार किलकिलं करून विचारलं, "जावयाने काही गुन्हा केलाय का?"

म्हटलं, "लग्न."

२८ जून, रविवार

चेन लागली! पूर्ण, वरपर्यंत.

एक नवल लिहायचं राहिलं. गेले काही दिवस गाडीवर आडवं होणं बंद आहे. विचारलं तर म्हणाले, "ट्रॅक पाठ झालाय, आई." त्याऐवजी कणीक मळायला शिकले. बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदलली. झोप छान लागते त्यांना. लग्नाला पाच वर्षं झाली, हा माणूस सकाळी न लंगडता चालताना मी प्रथमच बघते आहे.

२९ ऑगस्ट, शनिवार

हंगाम पुन्हा सुरू! उरलेल्यातल्या तीनच शर्यती होणार, लागोपाठ तीन रविवारी, एकाच ट्रॅकवर. प्रेक्षक नाहीत. स्पर्धकामागे दोनच माणसं, तीही तपासणी करून. आधीची एक धरून चारपैकी जास्त शर्यती जिंकेल त्याला अजिंक्यपद; बरोबरी झाली तर शेवटची जिंकेल त्याला.

म्हणजे वचनही सुरू.

जावयांना बातमी वाचून दाखवली. ते कांदा चिरत होते. "हो का?" म्हणाले आणि उरलेला कांदा संपवला.

९ सप्टेंबर, बुधवार

मेकॅनिकचा फोन. त्याला सगळे पाना म्हणतात, मीही तेच म्हणते. आवाज रडवेला. दोन माणसांतला एक तो, दुसरा जावयांचा चुलतभाऊ. तो पाटी धरतो. आणि तो आज पॉझिटिव्ह निघाला.

"कुणीतरी द्या हो, मावशी! ज्याला डोळे आहेत आणि जो घराबाहेर कुठे गेला नाही असं कुणीही."

मी लेकीला विचारलं, कुणाला पाठवावं? ती म्हणाली, "तू जा की."

मी! ज्याने हरावं म्हणून मी टपून बसले आहे, त्याचीच पाटी!

१० सप्टेंबर, गुरुवार

पाटीचं काम असं. शर्यतीत जावयांना काहीच कळत नसतं. पुढे कोण, मागे कोण, फेऱ्या किती उरल्या. ट्रॅकच्या कडेला एक ठेंगणी भिंत आहे. तिथे उभं राहून, ते समोरून जाताना मोठी पाटी दाखवायची. तिच्यात अक्षरांच्या पट्ट्या सरकवायच्या. पानाच्या पट्ट्या इंग्रजी, त्याही पुसट. पी म्हणजे म्हणे क्रमांक.

"मग क्रमांक लिहा की!"

"मावशी, तो वाऱ्यासारखा जातो. त्याला निबंध वाचायला वेळ नसतो."

पट्ट्या घरी आणल्या आणि सगळ्या मराठीत रंगवल्या. पांढऱ्यावर काळं, शिरोरेषा जाड. "दुसरे". "तिसरे". जावयाला "दुसरा" कसं लिहिणार? पानाने कपाळाला हात लावला. मग दूर जाऊन बघितलं आणि म्हणाला, "पण दिसतंय छान, मावशी."

एक पट्टी त्याने मुद्दाम समजावली: "सावकाश". मागे खूप अंतरापर्यंत कुणी नाही, उगाच जीव काढू नका, असा तिचा अर्थ. तेवढ्यासाठीच ती काढायची.

१३ सप्टेंबर, रविवार

आधी नाकात काडी. मग मास्क, वर टोपी, कानात बोळे. भिंतीवर उभी राहिले. गाडी आली म्हणेपर्यंत गेलेली असते! पहिल्या फेरीला पाटी उलटी धरली. दुसऱ्या फेरीला दुसऱ्याच स्पर्धकाला दाखवली. त्याने मान हलवून आभार मानले.

रिकामे स्टँड. एवढा आवाज आणि टाळी एकाचीही नाही.

बिनब्रेक पहिला, जावई दुसरे. संध्याकाळी म्हणाले, "आई, तुमची अक्षरं शाळेच्या फळ्यासारखी येतात समोर. एकदम बाक आठवतो." ही स्तुती समजावी काय?

लेकीला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, तुझा घसा का बसलाय?"

मास्कमुळे असेल.

२० सप्टेंबर, रविवार

जिंकले! जावई जिंकले!! बिनब्रेकची साखळी मध्येच तुटली, तो बाहेर. मागे कुणी उरलंच नाही. पाना म्हणाला, "काढा, मावशी!" मी "सावकाश" काढली. जावयांनी मान डोलावली, गती कमी केली आणि वरातीतून निघाल्यासारखे रेषा ओलांडून गेले. वाचलं! धावत्या गाडीवरून माझं वाचलं!

मी पानाला मिठी मारली. नियमात बसत नव्हतं. दोघांनाही ताकीद मिळाली.

आता गणित सोपं आहे. जावयांच्या दोन, बिनब्रेकची एक; पुढच्या रविवारी तो जिंकला तर बरोबरी आणि अजिंक्यपद त्याचं, नाहीतर जावयांचं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. शोरूमची आठवण दिवसभरात एकदाही आली नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

गेलं. माझ्यामुळे. आज लिहवत नाही.

२८ सप्टेंबर, सोमवार

लिहिते. शेवटची फेरी सुरू व्हायची होती. जावई पुढे, बिनब्रेक त्यांच्या मागे — इतका चिकटून की दोघांमध्ये टॉवेल वाळत घालता आला नसता. तेवढ्यात पावसाचे चार थेंब पडले. भिंतीसमोरच्या वळणावर एक कोवळं पोर घसरलं. गाडी एकीकडे, ते एकीकडे, गवतातून कोलांट्या खात. नंतर उठून बसलं, धड होतं. पण त्या क्षणी ते काय मला माहीत?

आणि समोरून जावई येत होते, त्याच वळणाकडे.

माझ्या हाताने पट्टी काढली. डोक्याने नाही, हाताने. घरातून बाहेर निघालेल्या प्रत्येक माणसाला मी जे सांगत आले, लेकीला, यजमानांना, दूधवाल्याला, तेच. सावकाश.

त्यांनी पाटी पाहिली. गती कमी झाली. बिनब्रेक बाजूने सुटला तो सुटलाच.

पानाने टोपी जमिनीवर आपटली. "मावशी! हे काय केलंत! मागे माणूस होता!"

"अहो, जपून चालवा असं म्हणायचं होतं मला!"

"इथे त्या शब्दाचा एकच अर्थ आहे, मावशी. एकच!"

बरोबर आहे त्याचं. त्यानेच शिकवला होता, मीच रंगवला होता. दुसऱ्यांची मापं खोटी म्हणून मी दुकानं बंद करायला लावली. आणि मी स्वतः काय दिलं?

जावई हेल्मेट काढून म्हणाले, "असू दे, आई." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ ऑक्टोबर, शनिवार

लेक घरी आली! किती वाळली आहे. दारातच तिला धरून ठेवलं.

जेवण झाल्यावर म्हणाली, "आई, खरं सांग. मुद्दाम केलंस?"

"चुकून झालं."

"तू? चुकून?" ताट उचलून आत गेली. मग आतून, "तुझ्या हातून आजवर दुधाचं भांडं उतू गेलेलं नाही, आई."

इतकी वर्षं ज्याचा अभिमान बाळगला, ते असं अंगावर आलं. काटेकोर माणसाला चूक करायचीही सोय नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार

लेकीला म्हटलं, वचन मोडा. माझ्या चुकीने गेलं ते हरणं नव्हे, आणखी एक वर्ष द्या त्यांना. ती तयार झाली. जावई नको म्हणाले! "वचन म्हणजे वचन." वकिली कुठे गेली?

पानाने गाडीला गिऱ्हाईक आणलं. गाडी जिन्यावरून खाली गेली. पाना माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मीच भिंतीकडे बघत "भिंत" म्हटलं, तेही हळू.

हॉल मैदानासारखा दिसतो आहे.

११ ऑक्टोबर, रविवार

आज त्यांना धरलंच. लेक ड्यूटीवर होती. जावई कुंड्यांना पाणी घालत होते. मी बाल्कनीचं दार अडवून उभी राहिले.

"जावईबापू, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. आणि तुम्ही शीळ घालताय."

थांबले. झारी खाली ठेवली.

"आई, बिनब्रेकची गाडी माझ्या कानाशी ओरडत होती. मागे कुणी नाही, असं मला वाटेल कसं?"

"म्हणजे पाटी—"

"पाटी मी नीट वाचली. तुम्हाला जे म्हणायचं होतं, तेच वाचलं."

मी कुंडीवरच बसले.

"उन्हाळ्यात सकाळी उठायचो, आई, आणि कुठेच दुखायचं नाही. पहिले काही दिवस वाटलं आजारी आहे. मग त्याची चटक लागली. पहिल्या दोन शर्यती सवयीने चालवल्या. तिसरीत ते पोर कोलांट्या खाताना दिसलं, वर तुमची पाटी. इतकी वर्षं पाटीवर नुसते आकडे. पहिल्यांदाच कुणीतरी..." कुंडीतली पानं पुसायला लागले.

"अहो, मग सांगायचं होतं आधीच!"

"कुणाला? पानाला? तो रडला असता. हिला? ही म्हणाली असती, सासूला घाबरलात." मग हळूच, "पानाला कळू देऊ नका, आई. त्याने माझ्यासाठी बारा वर्षं ग्रीस खाल्लंय. त्याच्या मनात मी चुकून हरलेलाच बरा."

म्हणजे खोट्या मापाचा शिक्का माझ्यावर राहणार. कायमचा. लेकीचं ते बोलणं, पानाची ती टोपी, सगळं माझ्याच नावावर.

कुंडीवरून उठले.

"ठीक आहे," म्हटलं. "पण हिला तुम्ही स्वतः सांगायचं. आजच. आणि शोरूममध्ये उद्यापासून वेळेवर जायचं. माझा मावसभाऊ उशीर खपवून घेत नाही."

"हो, आई."

संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं. दार लावून. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि माझ्या पायाला तेल लावायला लागली. पाय दुखत नव्हता. मी तसं म्हटलं नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पानाचा फोन! इतक्या दिवसांनी. घसा खाकरत बसला. पुढच्या हंगामासाठी त्याने एक मुलगी घेतली आहे. एकोणीस वर्षांची, भन्नाट चालवते, ऐकत कुणाचंच नाही. "जरा कडक माणूस हवंय भिंतीवर. तुम्हाला जमेल का, मावशी?"

विचार करून सांगते म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून "तिचं वजन किती?" गेलं.

जावई स्वयंपाकघरातून म्हणाले, "रविवारचं मी बघतो घरचं." लेकीला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.